गॅरेजमधले यीस्ट आणि मी

माझ्या बिअरच्या वहीत काही पानांच्या कोपऱ्यावर लाल पेन्सिलीने ‘फ’ असे लिहिलेले आहे. हा ‘फ’ फसलेल्या प्रयोगांचा आहे. गेल्या काही वर्षांत त्यांतल्या काही ‘फ’भोवती नंतर गोल काढावा लागला, कारण जे फसले असे मी लिहून मोकळा झालो होतो ते तीन-चार महिन्यांनी चाखले तेव्हा फसलेले नव्हते. एका पानावर मात्र ‘फ’, त्याभोवती गोल आणि त्या गोलावर पुन्हा काट अशी तिन्ही चिन्हे आहेत. या तिन्ही चिन्हांमागे एकच यीस्ट आहे आणि आज प्रामुख्याने त्याचीच हकीकत सांगायची आहे.

आधी एक खुलासा करून ठेवतो. मी अमेरिकेत, ओरेगन राज्यात पोर्टलंडजवळ राहतो. इथे प्रौढ माणसाला स्वतःपुरती बिअर घरी बनवण्याची मुभा आहे. १९७८ साली अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या सहीने झालेल्या कायद्यानुसार दोन प्रौढांच्या घराला वर्षाकाठी २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटरपर्यंत ती करविना बनवता येते. महाराष्ट्रात तसे नाही. तिथे १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे आणि परवान्याविना घरी बिअर बनवणे हा गुन्हा ठरतो. तेव्हा तिथल्या वाचकांनी हे केवळ वाचनासाठी आहे असे समजावे.

२०२१ च्या जून महिन्यात माझ्या गॅरेजमध्ये काचेचे दोन मोठे बुधले, म्हणजे कार्बॉय, शेजारी शेजारी उभे होते. एकात साधी अमेरिकन पेल एल, म्हणजे एल प्रकारची फिकट बिअर, होती आणि तिच्यात इथल्याच विलमेट खोऱ्यात पिकलेले कॅस्केड हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या वेलीची फुले, होते. दुसऱ्यात सेझॉन होती. सेझॉन ही बेल्जियमच्या वॅलोनिया भागातली शेतघरांची बिअर. फिकट, कोरडी, मिऱ्यासारखी किंचित झणझणीत. तिच्यासाठी मी जे यीस्ट आणले होते त्याची एक खोड घरी बिअर बनवणाऱ्यांमध्ये प्रसिद्ध आहे. ते मोठ्या जोमाने कामाला लागते, दोन-चार दिवसांत निम्मी साखर फस्त करते आणि मग घनता (पाण्याची १.००० धरतात, बिअरमधली साखर संपत जाते तशी ती उतरते) १.०३५ च्या आसपास आली की बैलाने वाटेत बसकण मारावी तसे बसून राहते. माझे १.०५४ वरून निघून १.०३४ वर बसले होते. एअरलॉकमधले, म्हणजे बुधल्याच्या तोंडावर बसवलेल्या पाण्याच्या नळीतले, बुडबुडे थांबले होते. मी बुधला हलवून पाहिला, यीस्टचे एक ताजे पाकीट ओतले, जुने ब्लँकेट गुंडाळले, तरी दहा दिवसांत घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरवरचा आकडा जागचा हलला नाही. त्या पानावर मी ‘फ’ लिहिला आणि येत्या रविवारी ओतून टाकू असे ठरवले.

तो रविवार म्हणजे २७ जून. ज्यांनी ते दिवस या भागात काढले त्यांना अधिक सांगायला नको. शनिवारी पोर्टलंड विमानतळावर १०८ अंश फॅरनहाइट नोंदले गेले, रविवारी ११२ आणि सोमवारी, २८ जूनला, ११६, म्हणजे ४६.७ अंश सेल्सिअस. विदर्भातल्या माणसालाही हा आकडा भुवई उंचवायला लावील. इथल्या अनेक घरांत तर तेव्हा एअर कंडिशनर नव्हता. आमच्याकडे एका खोलीत खिडकीत बसवायचे जुने यंत्र होते आणि त्या खोलीत आम्ही तिघे तीन दिवस गादी टाकून राहिलो. बिअर ओतून टाकायला गॅरेजमध्ये जाण्याचे त्राण कोणालाच नव्हते. मंगळवारी संध्याकाळी हवा उतरली तेव्हा दार उघडले, तर आत भाजलेल्या डांबराचा आणि पिकलेल्या संत्र्यांचा असा मिश्र वास भरला होता. सेझॉनच्या बुधल्याच्या तोंडाशी पिवळसर फेस वाळून चिकटला होता आणि बसकण मारलेला तो बैल चौखूर उधळला होता. एअरलॉकमधले बुडबुडे मोजता येऊ नयेत इतके भरभर येत होते. आत टाकलेल्या तापमापकावर ३६ अंश होते.

आठवड्याभरात घनता १.००३ झाली. मद्यार्क साडेसहा टक्क्यांच्या थोडा वर गेला. मी नमुन्याचा पहिला घोट घेतला तो थुंकण्याच्या तयारीने, बेसिनजवळ उभे राहून. पण तिला लिंबाच्या सालीचा, ताज्या मिऱ्याचा आणि किंचित वाळल्या गवताचा वास होता आणि चव इतकी कोरडी होती की घोट संपल्यावर जीभ पुन्हा तहानलेली वाटावी. या यीस्टला बेल्जियन सेझॉनमध्ये ३० अंशांच्या वरची उष्णता लागते आणि ती मिळेपर्यंत ते अडून बसते, हे मी नंतर वाचले. आधी वाचले असते तरी बिअर ३६ अंशांवर ठेवण्याचा धीर मला झाला नसता. कुठल्याही प्राथमिक पुस्तकात एल १८ ते २२ अंशांवर ठेवा असेच सांगितलेले असते, आणि ते का सांगितलेले असते हे शेजारचा बुधला सांगत होता.

त्या शेजारच्या पेल एलची गत अगदी उलटी झाली. तिलाही तेच ३६ अंश मिळाले होते. उष्णतेने बावरलेले साधे यीस्ट भलतीच जड अल्कोहोले तयार करते. त्यांचा वास नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा येतो आणि अर्धा ग्लास प्यायलात तर दुसऱ्या दिवशी कपाळ ठणकते. वेळ दिला तर हा दोष जाईल या आशेने मी ती चार महिने ठेवली, पण तो जात नाही. तिचा सिरका करून पाहावा म्हणून दोन लिटर रुंद तोंडाच्या बरणीत घातली, वर फडके बांधले आणि विरजण म्हणून न उकळलेल्या सिरक्याचा साका घातला. तीन महिन्यांनी उत्तम आंबट सिरका झाला, पण हॉप्सचा कडवटपणा जिथल्या तिथे राहिला आणि तो कडू सिरका कांद्यावर घालण्याच्याही कामाचा नव्हता. ज्यांना सिरका करायचा असेल त्यांनी हॉप्स अगदी कमी असलेली बिअर घ्यावी, एवढे ज्ञान त्यातून पदरी पडले. उरलेली सतरा लिटर गोगलगायींच्या कामी आली. ओरेगनच्या ओल्या वसंत ऋतूत या शंख नसलेल्या गोगलगायी मेथीची कोवळी रोपे एका रात्रीत साफ करतात. वाटी जमिनीत काठापर्यंत पुरून तिच्यात बिअर ओतली की यीस्टच्या वासाने त्या येतात आणि बुडतात. जड अल्कोहोलांबद्दल त्यांची तक्रार दिसली नाही.

बिअर ओतून टाकण्याची वेळ आली की मला प्लझेन शहर आठवते. १८३८ साली बोहेमियातल्या या गावच्या लोकांनी नासलेल्या बिअरची ३६ पिंपे नगरभवनासमोर रस्त्यावर रिकामी केली होती. दुरुस्ती पुरे, आता मुळापासून नवी भट्टी बांधू, असे तिथल्या नागरिकांनी ठरवले आणि बव्हेरियाहून योझेफ ग्रोल या तापट स्वभावाच्या माणसाला बोलावले. त्याने १८४२ साली जी सोनेरी, स्वच्छ बिअर काढली तिच्या नकला आज जगभर विकल्या जातात. माझ्या पेल एलने असला इतिहास घडवला नाही. मेथी तेवढी वाचली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तपकिरी एल घातली. माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याची, भरड गरम पाण्यात भिजवून तासभर ठेवायची असते. त्याला मॅश म्हणतात. धान्यातली स्टार्च या तासात साखर होते आणि ती कोणती साखर होणार हे दोन-चार अंशांवर ठरते. पासष्ट अंशांच्या खाली-वर ठेवले तर यीस्टला सहज खाता येणारी साखर जास्त निघते, सत्तरीकडे गेले तर न पचणाऱ्या लांबलचक साखरसाखळ्या, म्हणजे डेक्स्ट्रिने, वाढतात. माझ्या तापमापकाच्या दांड्यात पाणी शिरले होते आणि तो सहा-सात अंश कमी दाखवत होता, हे मला माहीत नव्हते. मी समजत होतो ६७. प्रत्यक्षात होते चौऱ्याहत्तरच्या आसपास. बिअर १.०५६ वरून निघाली आणि १.०३० वर कायमची थांबली. चव पाण्यात कालवलेल्या काकवीसारखी होती. संशय आला म्हणून तापमापक उकळत्या पाण्यात बुडवला तर त्याने ९३ दाखवले आणि मग सगळा उलगडा झाला. पुन्हा ‘फ’.

इथे ताजे यीस्ट घालून काही होत नाही, कारण यीस्ट उपाशी नसतेच. समोरचे अन्न त्याला चावत नसते. पण सेझॉनच्या त्या यीस्टची दुसरी एक ख्याती मी एव्हाना वाचली होती. ते ‘डायस्टॅटिकस’ या जातकुळीतले आहे. स्वतःच्या पेशीबाहेर एक विकर, म्हणजे एन्झाइम, सोडून ते डेक्स्ट्रिनांचे तुकडे करते आणि मग सावकाश खाते. घरी पुरणाला बत्ता मारून घेतल्याखेरीज ते यंत्रातून उतरत नाही. हे यीस्ट स्वतःचा बत्ता बरोबर घेऊन फिरते असे म्हणा ना. फ्रिजमध्ये जूनच्या सेझॉनच्या काही बाटल्या होत्या. तीन बाटल्या काळजीपूर्वक ओतून घेतल्या, तळाचा साका एक लिटर उकळून गार केलेल्या माल्टपाण्यात घातला, तीन दिवसांत तो फसफसू लागल्यावर सगळा त्या गोडमिट्ट तपकिरी बिअरमध्ये ओतला आणि बुधला घरात, हीटरच्या झरोक्याजवळ ठेवला. पहिले दोन आठवडे काही झाले नाही. तिसऱ्या आठवड्यात दर मिनिटाला एक बुडबुडा यायला लागला आणि सहा आठवड्यांनी घनता १.००९ वर आली.

ती बिअर मी आजवर बनवलेल्यांत सर्वांत चांगली होती असे माझे मत आहे, आणि हे मत देताना मला थोडी लाजही वाटते, कारण तिच्यात माझे असे काही नव्हते. भाजलेल्या माल्टचा खरपूसपणा राहिला होता, गोडवा गेला होता आणि मागून मिऱ्याची हलकी चुणचुण येत होती. डिसेंबरमध्ये मित्र जमले तेव्हा कांदाभज्यांबरोबर ती दोन तासांत संपली. कृती कोणती असे विचारल्यावर बिघडलेला तापमापक आणि एक उष्णतेची लाट, असे खरे उत्तर दिले तर कोणी विश्वास ठेवीना. त्या पानावरच्या ‘फ’भोवती मी मोठ्या तोऱ्यात गोल काढला.

गोलावरची काट आली ती यानंतर. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टाउट, म्हणजे करपूस माल्टची काळी बिअर, घातली, १.०१८ वर थांबल्यावर बाटल्या भरल्या. बुधल्यातून बाटलीत बिअर उतरवायला प्लॅस्टिकची जी लवचीक नळी वापरतात ती तपकिरी एलसाठी वापरलेलीच होती. धुतली होती, जंतुनाशक पाणीही फिरवले होते. पण अशा नळीच्या आतल्या बारीक ओरखड्यांत जे लपून बसते ते पाणी फिरवून निघत नाही. एप्रिलमध्ये एका रात्री दोनच्या सुमारास कपाटातून बंदुकीच्या बारासारखा आवाज आला. एक बाटली फुटली होती आणि काचेचा एक तुकडा कपाटाच्या लाकडी दारात रुतून बसला होता. शेजारची बाटली सिंकमध्ये नेऊन उघडली तर तीन चतुर्थांश बिअर छताकडे गेली. उरलेल्या बिअरमधला वायू उडवून घनता मोजली तर १.०१३. पाच अंश हा आकडा लहान दिसतो, पण घनतेचा एक अंश (म्हणजे ०.००१) उतरला की बिअरच्या आकारमानाच्या सुमारे निम्मा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे नेहमीचा अडीच पट वायू अधिक हा अडीच पट, असा पाच पट वायू साध्या पातळ काचेच्या बाटलीत कोंडला होता आणि यीस्टचे जेवण अजून संपलेले नव्हते.

या प्रसंगी जे केले ते तपशिलाने लिहितो, कारण हे कोणावरही येऊ शकते. मुलाला त्या खोलीत येऊ दिले नाही. डोळ्यांवर सुतारकामाचा चष्मा, हातांत चामड्याचे मोजे आणि अंगात हिवाळ्याचा जाड कोट असा वेश करून एकेक बाटली जाड टॉवेलात गुंडाळून बर्फाच्या पेटीत ठेवली. गारठ्यात वायू बिअरमध्ये विरघळून राहतो, दाब उतरतो आणि यीस्टही झोपते. बारा तासांनी एकेका झाकणाची कड टॉवेलावरूनच किंचित उचलायची, फुस्स आवाज आला आणि फेस वर चढू लागला की सोडून द्यायची, दुसरी घ्यायची. असे दिवसातून दोनदा, चार दिवस. मग नवी झाकणे बसवली आणि सगळ्या बाटल्या गॅरेजमधल्या जुन्या फ्रिजमध्ये ठेवल्या, जिथून त्या संपेपर्यंत बाहेर आल्या नाहीत. एकावन्नपैकी सदतीस वाचल्या. वाचल्या म्हणजे फुटल्या नाहीत एवढेच. ज्या चुणचुणीने तपकिरी एलचे सोने केले तीच स्टाउटमध्ये कोणीतरी कॉफीत मिरपूड टाकल्यासारखी लागत होती. काही बाटल्या मटणाच्या रश्श्यात घालून पाहिल्या. “कडू झालंय, आणि महागही,” असा बायकोने निर्वाळा दिला.

यीस्ट तेच, त्याचा बत्ता तोच, आणि वहीत पहिल्या दोनदा गोल, तिसऱ्यांदा काट. हा अनुभव जुनाच आहे म्हणा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेन यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवण्याची रीत बसवली आणि बाकी सगळी रानटी यीस्टे शत्रू ठरली. कार्ल्सबर्गच्याच क्लाउसेन यांनी मात्र १९०४ साली जाहीर केले की इंग्लंडच्या मुरवलेल्या एलची खास चव अशाच एका रानटी यीस्टमुळे येते, आणि त्याला नाव दिले ब्रेटानोमायसेस, म्हणजे ब्रिटिश बुरशी. आज द्राक्षमद्य बनवणारे त्याच्या नावाने कानाला खडा लावतात, आणि बेल्जियमच्या ऑर्वाल मठात तेच यीस्ट बाटलीत मुद्दाम घातले जाते.

एक हकीकत या यीस्टची नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात आई रत्नागिरीहून आली होती. ती बिअरला शिवत नाही, पण आंबवण्यातले तिला माझ्याहून जास्त कळते. एका संध्याकाळी मी गव्हाच्या बिअरचा मॅश घातला आणि त्याच वेळी मुलाला ताप भरला. रात्र त्याच्या उशाशी गेली. मॅश तसाच राहिला. सकाळी झाकण उघडले तेव्हा तो कोमट होता आणि आंबट वास येत होता. धान्याच्या सालीवर लॅक्टोबॅसिलस जिवाणू असतातच. मॅश चाळीस अंशांकडे उतरला की त्यांना रान मोकळे होते. मी पातेले उचलून कंपोस्टकडे निघालो तोच आईने अडवले.

“बघू दे वास.” तिने वाकून घेतला. “अरे, ही आंबील आहे. आंबीलीला कोणी टाकून देतं का?”

“आई, बिअर आंबट झाली तर तिला नासली म्हणतात.”

“नासलेल्याचा वास वेगळा. नासलं असतं तर मी नाकाला पदर लावला असता. उकळ तू.”

तिचा कस अचूक होता. अशा मॅशमध्ये भलते जिवाणू वाढले तर ओकारीचा वास येतो आणि मग खरोखर काही उपाय नसतो. हा वास स्वच्छ, ताकासारखा होता. तासभर उकळून जिवाणू मारले, नेहमीचे यीस्ट घातले. दोन आठवड्यांनी पातळ, हलकी आंबट आणि जरा पोरकी वाटणारी बिअर तयार झाली. लाइपझिग शहरात गोझे नावाची एक जुनी बिअर आहे, गव्हाची, आंबट, तिच्यात मीठ आणि धणे घालतात. आईने आणलेली आमसुले मीठ लावलेली होती. चार लिटर बिअर वेगळी काढून तिच्यात वाफवलेली साठ ग्रॅम आमसुले आणि चमचाभर ठेचलेले धणे पाच दिवस ठेवले. रंग जांभळट गुलाबी झाला. आईने ग्लास नाकापाशी नेला, “सार आहे हे, फक्त फोडणी राहिलीये,” म्हणाली आणि परत दिला. बाकीची पंधरा लिटर साधीच भरली. आमसुलांची चार लिटर आधी संपली. त्या मॅशच्या चोथ्याची तिने भाजणी मिसळून थालीपिठे लावली, तीही आंबूस आणि खुसखुशीत झाली होती.

सेझॉनचे ते यीस्ट अजून फ्रिजच्या तळच्या कप्प्यात बरणीत आहे. आता त्याच्यासाठी उष्णतेच्या लाटेची वाट पाहावी लागत नाही. दुसऱ्या एका जुन्या फ्रिजच्या खोक्यात तापवायचा पट्टा बसवून तिसऱ्या दिवसापासून रोज तीन अंश चढवत ३४ वर नेतो आणि ते १.०३५ वर न थबकता पुढे जाते. त्याची नळी, त्याची बादली, त्याचा नळ वेगळा केला आहे आणि तिन्हींना लाल चिकटपट्टी लावली आहे. असे असूनही गेल्या शनिवारी फिकट एल भरून झाल्यावर हातातल्या नळीवरची चिकटपट्टी मुळात नव्हती की धुताना निघून गेली, हे मला काही केल्या आठवेना. बाटल्या घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या पेटीत घालून पेटी जुन्या फ्रिजमध्ये ठेवली आहे आणि एकच बाटली बादलीत पालथ्या पातेल्याखाली बाहेर ठेवली आहे. वहीच्या पानाचा कोपरा अजून कोरा आहे.